खालच्या गटातला हंगाम आणि वऱ्हाडचा प्रश्न

पर्वरीच्या मैदानावर नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याने अरुणाचल प्रदेशाला ८४ धावांत गुंडाळलं आणि दोन बाद ७२७ धावांवर डाव घोषित केला. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००. दोघांची न तुटलेली भागीदारी ६०६ धावांची, रणजी करंडकाच्या इतिहासातली सर्वांत मोठी. दुसऱ्या डावात अरुणाचलने ९२ धावा केल्या आणि गोव्याने एक डाव व ५५१ धावांनी सामना जिंकला. हा सामना रणजीच्या प्लेट गटातला, म्हणजे खालच्या गटातला होता. जाणकारांनी लगेच विचारलं की याला प्रथम श्रेणीचं क्रिकेट म्हणायचं का, आणि असा गट हवाच कशाला?

अमरावती-अकोल्याच्या क्रिकेटप्रेमी माणसाने हा प्रश्न सहजपणे विचारू नये असं मला वाटतं. कारण आपला विदर्भ त्याच खालच्या गटात वर्षानुवर्षं खेळलेला आहे, आणि तिथून निघून त्याने तीन वेळा रणजी करंडक जिंकलेला आहे. खालच्या गटातल्या हंगामाने संघाचं, खेळाडूचं आणि गावाचं नेमकं काय होतं, हे तपासायला विदर्भाइतकं चांगलं उदाहरण देशात दुसरं नसेल. आणि हे उदाहरण तपासताना वऱ्हाडच्या वाट्याला काय आलं, हेही बघावं लागतं.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला तेव्हा या भागाचा संघ ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने खेळत असे. संघाच्या नावात वऱ्हाड होतं ते तेव्हाच. राज्यपुनर्रचनेनंतर १९५७-५८ पासून विदर्भ या नावाने संघ उतरू लागला. त्या काळी स्पर्धा विभागवार होती. आपल्याला मध्य विभागात रेल्वे, राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांच्याशी झुंजावं लागे आणि बहुतेक वर्षी कहाणी विभागातच संपत असे. खालचा गट असा कागदावर नव्हता, पण आपण कुठे आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे २००२-०३ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने एलिट आणि प्लेट असे दोन उघड गट केले. जे वर्षानुवर्षं हरत होते त्यांना एकत्र बसवलं आणि पुढे जायची वाट ठेवली.

या व्यवस्थेचा पहिला फायदा आकड्यांत दिसत नाही. सतत बलाढ्य संघांकडून डावाने हरणारा संघ काही शिकत नाही. तो फक्त सामना लवकर संपण्याची वाट बघायला शिकतो. चौथ्या दिवशी जुन्या चेंडूने शेवटचे दोन गडी कसे काढायचे, पहिल्या डावात ४० धावांची आघाडी मिळाल्यावर ती कशी जपायची, हे जिंकण्याच्या जवळ गेल्याशिवाय कळत नाही. प्लेट गटाने विदर्भाला ते शिकायची जागा दिली. उमेश यादव २००८-०९ मध्ये विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला तेव्हा विदर्भ प्लेट गटातच होता. तीनच वर्षांत, नोव्हेंबर २०११ मध्ये, तो वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळून कसोटीपटू झालेला तो पहिला. खालच्या गटातल्या गोलंदाजाकडे कोणी बघत नाही, ही तक्रार त्याच्या बाबतीत तरी खोटी ठरली.

दुसरा मुद्दा आकड्यांच्या वजनाचा, आणि इथे टीकाकारांचं म्हणणं बरंच खरं आहे. बिशनसिंग बेदींनी १९७४-७५ च्या हंगामात ६४ बळी घेतले. तो विक्रम ४४ वर्षं टिकला आणि २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन मोडला. त्या वर्षी बिहार प्लेट गटात होता. समोरचे अनेक संघ त्याच वर्षी पहिल्यांदा रणजी खेळत होते. मग २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. तो हंगाम वरच्या गटातला, बाद फेरी आणि अंतिम सामन्यासह. पुस्तकात एका बळीचा फरक दिसेल. माझ्या मते हे दोन आकडे शेजारी मांडणं दोघांवरही अन्याय आहे. अमनने समोर जे आले त्यांना बाद केलं. त्याहून जास्त तो काय करणार? पण निवड समितीने दोन्ही हंगाम एकाच मापाने मोजले तर दुबेच्या कामाचं मोल उरत नाही. असंच कवठणकर-बखलेंच्या ६०६ धावांचं. त्या पुसायच्या नाहीत, मात्र वाचताना समोर कोण होतं ते वाचायचं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वरचं दार उघडं आहे का?

राजस्थानची गोष्ट आठवावी. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटात होता. पहिल्याच सामन्यात दीपक चहरने पदार्पणात १० धावांत ८ बळी घेतले आणि हैदराबाद २१ धावांत गारद झाला, रणजीतली आजवरची नीचांकी धावसंख्या. तेव्हाच्या नियमानुसार प्लेट गटात अव्वल ठरणाऱ्यांना त्याच हंगामात बाद फेरीत शिरता येत असे. राजस्थान शिरला आणि बडोद्याला बडोद्यातच मागे टाकून करंडक घेऊन गेला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. दोन्ही वेळा कर्णधार पुण्याचा हृषिकेश कानिटकर, बाहेरून आलेला खेळाडू. खालच्या गटातला संघ त्याच हंगामात राष्ट्रीय विजेता होऊ शकतो, हे एकदा दिसल्यावर विदर्भासारख्या संघांना कोणी स्वप्न शिकवायची गरज उरली नाही.

पुढे हे दार हळूहळू अरुंद झालं, आणि त्याला कारणंही घडली. २०१८-१९ मध्ये ईशान्येकडची राज्यं, बिहार, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ एकदम आले. त्यांच्यातून उत्तराखंड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि नागपुरात विदर्भानेच त्याला एक डाव व ११५ धावांनी हरवलं. २०२१-२२ मध्ये नागालँडविरुद्ध झारखंडने ८८० धावा केल्या आणि एकूण आघाडी १००८ वर नेऊन सामना अनिर्णित ठेवला. असा सामना कोणाच्याच उपयोगाचा नाही. आता प्लेट गटाचा विजेता पुढच्या हंगामात वर जातो. त्याच वर्षी करंडकावर दावा सांगू शकत नाही. नियम म्हणून हे समजण्यासारखं आहे. तरी उत्तराखंडला डावाने हरवणारा आपला संघ दहा वर्षांपूर्वी कुठे होता, हे आठवलं की मला ते दार पूर्ण बंद झाल्याचं वाईट वाटतं.

विदर्भाच्या चढणीबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते. ज्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, विदर्भ पहिल्यांदा जिंकला त्या हंगामात वरचा-खालचा गट असा भेदच नव्हता. २८ संघ, सात-सातचे चार समान गट. त्याआधी २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्ये विदर्भ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता, म्हणजे तयारी आधीच झालेली होती. तयारीत नागपूरजवळच्या जामठ्याचं मैदान आहे, निवासी अकादमी आहे, बाहेरचे अनुभवी खेळाडू आणण्याची हिंमत आहे. बद्रीनाथ, गणेश सतीश आणि मग वसीम जाफर आले. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. फैज फजलने कर्णधारपद सांभाळलं. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना पाच धावांनी जिंकला. त्या सामन्यात रजनीश गुरबाणीने १२ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून करंडक विदर्भाकडे आला. संघ म्हणून विदर्भ रणजीत उतरल्याला तेव्हा साठ वर्षं झाली होती आणि तो त्याचा पहिलाच अंतिम सामना होता. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. २०२३-२४ ला वानखेडेवर मुंबईकडून हरलो. २०२४-२५ ला केरळवर पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने तिसऱ्यांदा जिंकलो. खालच्या गटाने सामना जिंकायला शिकवलं, अकादमीने खेळाडू दिले आणि एका समान हंगामाने ते सिद्ध करायची संधी दिली. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हे घडलं.

आणखी एक गोष्ट हे सगळं शक्य करते, ती म्हणजे पैसा. प्लेट गटात खेळणाऱ्याला एलिटवाल्यापेक्षा कमी मानधन मिळत नाही. मंडळाने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामन्यांवाल्याला ५० हजार, त्याखाली ४० हजार. गट कोणता याला महत्त्व नाही. संघटना दिवाळखोर होत नाही, संघ बंद पडत नाही. म्हणून क्रिकेटमधला खालचा गट हा फार तर मानाचा प्रश्न ठरतो. फुटबॉलमध्ये तसं नसतं. तिथे खालच्या साखळीतला एक हंगाम क्लबला संपवू शकतो.

महाराष्ट्राने ते पाहिलेलं आहे. आय-लीगची द्वितीय श्रेणी २००८ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी मुंबई एफसीने ती जिंकून वर प्रवेश मिळवला. पुणे एफसी पुढच्या वर्षी वर गेला, पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, देशात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. खालून वर जाऊन इतक्या लवकर इतकं वर पोहोचणं हे कौतुकाचं काम होतं. पण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, शहरांची नावं विकत घेणारे नवे संघ आले, आणि त्या स्पर्धेत खालून चढून जायची सोयच नव्हती. २०१४-१५ नंतर पुणे एफसीच्या मालकांनी हात काढून घेतला. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाला गेला आणि त्यानंतर उभा राहिला नाही. पुण्यात भारत एफसी नावाचा संघ तर एकच हंगाम जगला. गोव्याचा डेम्पो पाच वेळा राष्ट्रीय विजेता. तो २०१४-१५ मध्ये खाली घसरला, एका वर्षात द्वितीय श्रेणी जिंकून परत आला आणि मग साळगावकर व स्पोर्टिंगसह २०१६ मध्ये आय-लीगमधूनच बाहेर पडला, कारण वर चढण्याला अर्थ उरला नव्हता. खालून सुपर लीगमध्ये पहिला संघ गेला तो थेट २०२३ मध्ये, पंजाबचा. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन. डेम्पोनेही मग नव्याने तळापासून सुरुवात केली आणि २०२३-२४ मध्ये आय-लीग-२ मधून वर आला. बंद दाराआड चांगले क्लब कसे मरतात, हे त्या मधल्या नऊ वर्षांत दिसलं.

उलट उदाहरण युक्रेनचं आहे, आणि ते वऱ्हाडने नीट वाचावं असं आहे. तिथे वरची प्रीमियर साखळी, तिच्याखाली ‘पेर्शा लीगा’ म्हणजे पहिली, तिच्याखाली ‘द्रुहा लीगा’ म्हणजे दुसरी; या सगळ्या व्यावसायिक, आणि त्यांच्याखाली हौशी संघ. कीव्ह प्रांतातलं कोवालिव्का हे जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं शेतकरी गाव. तिथल्या शेती उद्योगाच्या बळावर उभा राहिलेला ‘कोलोस’ हा क्लब २०१५ मध्ये तिसऱ्या पायरीवरच्या साखळीत दाखल झाला, पुढच्या वर्षी एक पायरी चढला आणि २०१९ मध्ये ओडेसासारख्या मोठ्या बंदराच्या चोर्नोमोरेट्सला मागे टाकून प्रीमियर साखळीत गेला. २०२० मध्ये त्याने ग्रीसच्या आरिस क्लबला युरोपा लीगच्या पात्रता फेरीत हरवलं. पेत्रोवे या छोट्या वस्तीचा ‘इन्हुलेट्स’ हा क्लब दुसऱ्या पायरीवर असतानाच २०१९ मध्ये राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. शाख्तारकडून ४-० ने हरला, पण पुढच्या वर्षी प्रीमियर साखळीत आला. धान्य पिकवणाऱ्या गावांची नावं अशी राष्ट्रीय गुणतालिकेत लागली.

तिथेही सगळं सुरळीत नाही. एका दात्यावर उभा असलेला क्लब दात्याची आवड संपली की कोसळतो, आणि द्रुहा लीगामध्ये हंगामाच्या मध्येच संघ माघार घेतल्याची उदाहरणं जवळजवळ दर वर्षी घडतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने पूर्ण आक्रमण केल्यावर तर सगळ्या साखळ्या थांबल्या. मारियुपोल आणि चेर्निहिव्हचा डेस्ना हे वरच्या साखळीतले संघ परत उतरू शकले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये मात्र खेळ पुन्हा सुरू झाला: सुरुवातीला प्रेक्षकांविना, जवळ आसरा असलेल्या मैदानांवर, भोंगा वाजला की सामना थांबवून खेळाडूंना तळघरात नेत. खालच्या साखळ्याही सुरू ठेवल्या. युद्धातल्या देशाने तिसऱ्या पायरीवरचं फुटबॉल चैन म्हणून बंद ठेवलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी ते बंद केलं नाही, कारण खालची पायरी गेली तर वरचीही फार दिवस उभी राहत नाही, हे त्यांना माहीत आहे.

आता वऱ्हाड. आपल्याकडे खेळाची हौस कमी आहे असं कोणी म्हणू नये. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. टोकियो ऑलिंपिक खेळलेला तिरंदाज प्रवीण जाधव साताऱ्याचा, पण धनुष्य त्याच्या हाती रुळलं ते अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. अकोल्याच्या प्रबोधिनीतून मुष्टियोद्धे तयार होतात. पण तिरंदाजी आणि मुष्टियुद्ध हे एकट्याने खेळायचे खेळ आहेत, हे लक्षात घ्यावं. त्यांना चांगला गुरू, वसतिगृह आणि साहित्य मिळालं की मुलगा किंवा मुलगी थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाते. सांघिक खेळाला तेवढ्याने भागत नाही. त्याला समोर दर आठवड्याला दुसरा संघ लागतो.

क्रिकेटमध्येही आपली माणसं एकेकटीच वर गेली. अकोल्याचा आदित्य ठाकरे २०१७-१८ च्या त्या अंतिम सामन्यातच विदर्भाकडून पहिल्यांदा खेळला आणि पाठोपाठ १९ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी बदली गोलंदाज म्हणून न्यूझीलंडला गेला. त्याच मोसमात अकोल्याच्याच अथर्व तायडेने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा काढल्या. २०२५ च्या इराणी चषकात शेष भारताविरुद्ध त्याचंच १४३ धावांचं शतक विदर्भाच्या विजयाचा पाया ठरलं. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून टी-२० खेळला आणि मे २०२५ मध्ये बंगळुरूसाठी लखनऊविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून आयपीएल गाजवली. विदर्भाच्या रणजी संघात त्याला जागा क्वचितच मिळाली. आता तो बडोद्याकडे गेला आहे. या मुलांचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यांच्या यशात अकोला किंवा अमरावती हा संघ म्हणून कुठेच नाही. मुलगा चांगला निघाला की नागपूर गाठायचं, तिथे गुझदर लीगमधल्या एखाद्या क्लबकडून खेळायचं, जमलं तर जामठ्याला जायचं. विदर्भ खालच्या गटातून वर चढला, हे खरं. त्याच्याखाली मात्र चढण्यासारख्या पायऱ्या बांधल्या गेल्या नाहीत. आंतरजिल्हा स्पर्धा आणि वयोगटांच्या निवड चाचण्या होतात. त्यांचं काम खेळाडू वेचणं एवढंच आहे. गावाचा संघ हरला तर खाली जाईल, जिंकला तर वर जाईल, असं त्यात काही नाही.

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०२३ मध्ये आपली टी-२० साखळी काढली तेव्हा संघांची नावं रत्नागिरी, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे अशी ठेवली, आणि पहिला करंडक रत्नागिरीने जिंकला. विदर्भात २०२५ मध्ये प्रो टी-२० सुरू झाली तेव्हा नागपूर दोन संघांच्या नावात आलं. अमरावती आणि अकोला एकाही संघाच्या नावात आलं नाही. प्रायोजकांची गणितं मला कळतात. पण ज्या गावाला स्वतःचा संघ नाही त्या गावातले लोक मैदानावर कोणासाठी येणार?

गावागावांचे संघ एकमेकांशी खेळवायला अंतराची सबब आता चालणार नाही. अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून विश्वविक्रम झाला होता. सकाळी निघालेला संघ नाश्त्याच्या वेळेला दुसऱ्या गावात पोहोचतो. युक्रेनने द्रुहा लीगाचे भौगोलिक गट पाडले ते प्रवासाचा खर्च वाचवण्यासाठीच. आपल्या विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे आहेत. प्रत्येकाचा एक संघ, घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर एकेकदा, म्हणजे प्रत्येकाला आठ आणि एकूण २० सामने. दोन दिवसांचा एक सामना धरला तरी सोयाबीन घरात आल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतच्या शनिवार-रविवारांत हा हंगाम बसतो. मानधनाचा बोजा संघटनेला पेलेल एवढाच आहे, कारण विदर्भाच्या संघाने रणजीचं पाच कोटींचं बक्षीस २०२४-२५ मध्ये आणून दिलेलं आहे. आणि त्याच्याखाली तालुक्यांची साखळी हवी: अचलपूर, अकोट, खामगाव, पुसद, कारंजा. जिल्ह्यांच्या साखळीत पाचवा येणारा संघ खाली जाईल आणि तालुक्यांतला पहिला त्याच्या जागी येईल. मग एखाद्या वर्षी अमरावती शहर खालच्या साखळीत असेल आणि अचलपूर वरच्या, आणि अमरावतीच्या पोरांना परत चढण्यासाठी पुढचा सबंध हंगाम अकोट-खामगावात जाऊन खेळावं लागेल.